तीन सरळ वाक्ये

मराठीच्या प्राध्यापकाला खोटे बोलणे इतरांपेक्षा सोपे जाते. तो अधिक लबाड असतो असे नव्हे. त्याच्यापाशी शब्द पुष्कळ असतात, एवढेच. साधा माणूस खोटे बोलताना अडखळतो, कान लाल करून घेतो. प्राध्यापक त्याच खोट्याला प्रस्तावना जोडतो, एखादा दाखला देतो आणि ऐकणाऱ्याला दमवून टाकतो. न वाचलेल्या पुस्तकावर पाऊण तास बोलण्याची ज्याला सवय, त्याला आपल्या म्हाताऱ्या आईला फसवणे काय जड जाणार? तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझी अशी समजूत होती. ती मोडली जमिनीपासून काही हजार फुटांवर, एका लहानशा विमानात, आणि ती मोडली एका अनोळखी बाईने.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आईच्या पोटाची तक्रार सुरू झाली. कोल्हापुरातल्या डॉक्टरांना आतड्यात गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने कागद आला. मी तो दवाखान्याच्या जिन्यातच वाचला, चार घड्या घालून पाकिटात ठेवला आणि घरी येऊन म्हणालो, ‘‘आतड्याला जुनी सूज आहे, आई. हैदराबादला एक चांगले डॉक्टर आहेत. धाकटीचं घर आहेच. तिच्याकडे राहणं होईल, थोडा हवापालटही होईल.’’

हवापालटासाठी कोल्हापूर सोडून हैदराबादला कोणी जात नाही, हे आईला कळत नव्हते असे नाही. चौतीस वर्षे तिने प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले होते, आणि मुलांच्या थापा ओळखण्यात तिची हयात गेली होती. पण ती काही बोलली नाही. बॅग भरताना तिने दोन जास्तीची लुगडी घेतली, तेवढीच काय ती शंका मला आली.

आईचा तो पहिलाच विमानप्रवास. विमान सत्तरेक माणसांचे, दोन पंख्यांचे. ‘‘अरे, याला पंखे आहेत!’’ आई म्हणाली, ‘‘मला वाटलं, पंख्यांची विमानं आता फक्त चित्रात.’’ मी तिला जवळच्या पल्ल्याला हीच विमाने कशी परवडतात, त्यांना धावपट्टीही कशी आखूड पुरते, यावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. ती खिडकीशी बसली होती. पंख वर आणि खिडक्या खाली अशी त्या विमानाची ठेवण, त्यामुळे तिला खालची शेते सगळी दिसत होती. तास-सव्वा तास तिचा फार सुखात गेला.

हैदराबाद जवळ आले. मोठमोठ्या धोंड्यांच्या टेकड्या दिसू लागल्या. चाके बाहेर आली तेव्हा आईने मला कोपराने ढोसून ती दाखवली. जमीन वर येत होती, आता टेकणार असे वाटत होते, तेवढ्यात पंखे एकाएकी गरजले, विमानाने नाक वर केले आणि जमीन पुन्हा खाली खाली गेली.

‘‘काय झालं रे?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘खाली गर्दी असेल. बसस्थानकावर फलाट मोकळा नसला की गाडी कशी एक फेरी मारून येते, तसंच हे.’’ दाखला मला स्वतःलाच इतका पटला की मी तो आणखी फुलवणार होतो. पण वरच्या ध्वनिवर्धकात खरखर झाली आणि एका बाईचा आवाज आला. विमानाची कप्तान बोलत होती. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. आवाज बेताचा, घाई नसलेला. ती जे बोलली त्याचा मथितार्थ तीन वाक्यांत मावतो.

‘‘पंखांच्या मागच्या कडेला असणारे फ्लॅप उघडत नाहीत. दोन्ही इंजिनं ठीक आहेत आणि विमान पूर्णपणे आमच्या ताब्यात आहे. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या घालून तयारी करू, मग नेहमीपेक्षा जास्त वेगानं उतरू, आणि खाली आगीचे बंब उभे दिसतील, ते नियमाप्रमाणे असतात.’’

बस्स. आवाज थांबला.

आईने माझ्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. शुद्धलेखन तपासताना चूक सापडली की ती वहीच्या मालकाकडे जशी पाहत असे, तशी पाहत होती. मग म्हणाली, ‘‘बाई आहे. छान सांगितलं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘फ्लॅप म्हणजे काय?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘बरं झालं,’’ आई म्हणाली.

ती वीस-पंचवीस मिनिटे मी कशी काढली ते सांगत नाही. मागच्या रांगेत कोणी पुटपुटत स्तोत्र म्हणत होते. पुढे एक लहान मूल रडत होते आणि त्याची आई त्याच्यापेक्षा मोठ्याने त्याला गप्प करीत होती. हवाई सुंदरी प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहत गेली. माझ्या पाकिटात चार घड्यांचा तो कागद होता, आणि विमान पडले तर निदान आईला तो दाखवण्याची वेळ माझ्यावर येणार नाही, असा एक निर्लज्ज विचार माझ्या मनात येऊन गेला. आई खिडकीतून बाहेर पाहत होती. तिचा हात माझ्या मनगटावर होता; पण आधार कोण कोणाला देत होते, हे सांगणे कठीण.

उतरताना जमीन भलत्याच वेगाने मागे पळत होती. चाके टेकली, धक्का बसला, आणि मग विमान धावतच राहिले. हैदराबादच्या विमानतळाची मोठी धावपट्टी सव्वाचार किलोमीटरांची आहे हे मला नंतर कळले. त्या वेळी मात्र ती कधी संपेल याचीच भीती वाटत होती. लाल बंब बाजूने धावत होते. विमान हळू झाले, थांबले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडताना कप्तान दाराशी उभी होती. पस्तिशीची असेल. आईने तिचा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत, बाई.’’ तिला मराठी येत नसावे. पण आईने हात सोडेपर्यंत तिने तो सोडवून घेतला नाही.

सामान यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आई म्हणाली, ‘‘ती कोणाची कोण. पण तिनं मला सगळं सांगितलं. काय बिघडलंय, काय शाबूत आहे आणि आता पुढे काय करायचं. तू फलाटाची गोष्ट सांगत होतास तोवर माझ्या पोटात गोळा होता. तिनं सांगितल्यावर भीती वाटली, पण गोळा गेला.’’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘‘आता तूही सांग. तिच्यासारखं.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘उद्या ज्या इस्पितळात नेणार आहेस, त्याच्या दारावर पाटी असेल ना? मला वाचता येतं रे. चौतीस वर्षं वाचायलाच शिकवलं.’’

मी पाकिटातून तो कागद काढला. पुष्कळ शब्द सुचत होते. पण मी म्हणालो, ‘‘गाठ कॅन्सरची आहे. बाकी कुठं पसरलेली अजून तरी दिसलेली नाही, आणि तुझं हृदय, फुप्फुसं चांगली आहेत. इथं शस्त्रक्रिया करतील आणि नंतर औषधं द्यावी लागतील.’’

मोजून तीन वाक्ये. माझ्या आयुष्यातले सर्वांत छोटे व्याख्यान. आईने मान हलवली, कागद घेतला, चष्मा लावून तो सगळा वाचला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. ‘‘माझा आहे तो,’’ ती म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आम्ही कोल्हापूरला परतलो. त्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी आईला भेटायला आला. माझ्या तासांना हा फारसा बसला नाही. त्यामुळेच असेल, पुढे वैमानिक झाला, आणि अशीच पंख्यांची विमाने चालवतो. आईने त्याला चहा प्यायच्या आधीच विचारले, ‘‘फ्लॅप म्हणजे काय?’’

त्याने हाताचा तळवा पसरून दाखवला. विमानाचे वजन पंख तोलतो, पण त्यासाठी वारा वेगाने पंखावरून जावा लागतो. उतरताना वेग कमी करायचा, आणि वजन तर तेवढेच. मग पंखाच्या मागच्या कडेचे पत्रे बाहेर काढून खाली वाकवायचे; त्याने बोटे वाकवून दाखवली. पंखाचा बाक वाढतो, कमी वेगातही तो वजन तोलू शकतो. हे पत्रे म्हणजे फ्लॅप. ते उघडले नाहीत तर विमान पडत नाही. फक्त ते सावकाश उडू शकत नाही. वेगातच उतरवावे लागते. आणि वेग एक दशांशाने वाढला की थांबवायची शक्ती एक पंचमांशाहून जास्त वाढते. म्हणून धावपट्टी लांब हवी, ब्रेक तापतात, आणि म्हणून ते बंब.

‘‘मग ती घिरट्या का घालत होती?’’

‘‘आजी, ती वाचत होती,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे एक जण विमान चालवतो आणि दुसरा पुस्तक काढून मोठ्यानं वाचतो. कोणता बिघाड, काय करायचं, काय करायचं नाही, किती वेगानं उतरायचं, किती धावपट्टी लागेल. पाठ असलं तरी वाचायचं.’’

आई इतकी खूश झाली की तिने त्याला आणखी एक लाडू दिला. पाठ असले तरी पुस्तकात बघून वाचावे, हा तिचा चौतीस वर्षांचा आग्रह होता, आणि आता तिला त्यासाठी आकाशातला साक्षीदार मिळाला होता.

त्यानेच आम्हाला वैमानिकांचा एक जुना नियम सांगितला. संकट आले की कामांचा क्रम ठरलेला: आधी विमान सांभाळायचे, मग वाट ठरवायची, मग बोलायचे. म्हणूनच त्या बाईंचा आवाज विमान वर गेल्यानंतर थोड्या वेळाने आला. तोपर्यंत तिचे हात कामात होते. माझ्या घरी हा क्रम बरोबर उलटा होता. कागद हाती आल्यावर मी आधी बोललो, मग वाट शोधली, आणि सांभाळायचे तर राहूनच गेले.

त्यानंतर मला अशा हकीकती वाचण्याचा नादच लागला. त्यांतली एक मी आईला वाचून दाखवली, ती 11 नोव्हेंबर 2018 ची. कझाकस्तानच्या एअर अस्ताना कंपनीचे एक एम्ब्रायर विमान पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या अल्व्हेर्का येथे मोठ्या दुरुस्तीसाठी गेले होते. दुरुस्ती झाली, विमान घरी न्यायचे होते. आत तीन वैमानिक आणि तीन तंत्रज्ञ, एवढी सहाच माणसे. जमीन सोडली आणि ढगांत शिरताच विमान मनास येईल तसे कलंडू लागले.

पंखांच्या टोकांशी जी हलणारी फळी असते तिला एलेरॉन म्हणतात. एका पंखाची वर, दुसऱ्याची खाली झाली की विमान एका बाजूला कलते. दुरुस्तीत या एलेरॉनचे पोलादी दोर उलटे जोडले गेले होते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीतही ते कोणाच्या लक्षात आले नाही. आता वैमानिकाने विमान उजवीकडे कलवायला जावे, तर एलेरॉन ते डावीकडे ओढत होते. पंखांवरच्या दुसऱ्या झडपा मात्र विजेच्या संदेशांवर चालणाऱ्या, त्या बरोबर वागत होत्या. एकाच विमानात दोन हुकूम. नेमके काय झाले आहे ते पुढे चौकशीत उलगडले. वर असताना त्या माणसांना एवढेच कळत होते की हाताची सारी सवय दगा देत आहे.

त्यांनी बिनतारी यंत्रावर मदत मागितली. विमान आपल्या ताब्यात राहत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. एका क्षणी तर समुद्राची दिशा विचारली, विमान पाण्यावर उतरवण्यासाठी. वैमानिकाने असे मागणे म्हणजे काय, हे मला वाचताना उमगले. मग ती माणसे विमानाची एकेक गोष्ट चाचपू लागली. उंची राखता येते का? येते. वेग? येतो. मग त्यांनी संगणकाचे मधले साहाय्य काढून कारभार थेट पद्धतीवर आणला, तेव्हा कलंडणे थांबले नाही, पण थोडे आटोक्यात आले. पोर्तुगालच्या हवाई दलाची दोन एफ-16 विमाने वाट दाखवायला आली. दक्षिणेला बेजा येथे आकाश त्या मानाने मोकळे होते. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला. तिसऱ्या वेळी ठरवली होती उजवी धावपट्टी, वाऱ्याने आणि विमानाच्या ओढीने ते सरकले, आणि उतरले डावीवर. दीड तासाहून अधिक काळ हे चालले होते. एकाच्या पायाला दुखापत झाली, बाकी सगळी धड. विमान मात्र पुन्हा कधी उडाले नाही.

आई ऐकून बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘‘डाव्या धावपट्टीवर उतरले म्हणून कोणी बोललं का त्यांना?’’

‘‘नाही. कोण बोलणार?’’

‘‘तेच म्हणते,’’ आई म्हणाली. ‘‘ठरवलेल्याच जागी उतरावं असं कुठं आहे?’’

दुसरी एक हकीकत मी तिच्यासाठी निवडली नव्हती. पण तिनेच विचारले, ‘‘सगळेच उतरतात का?’’ पूर्वीचा मी असतो तर शेजारून बेजाचा विषय पुन्हा काढला असता. मी सांगितले की नाही. 8 जानेवारी 2003 ला अमेरिकेत शार्लट येथून एकोणीस उतारूंचे एक छोटे विमान निघाले. त्याचे नाक वर-खाली करणाऱ्या दोराची जुळणी दुरुस्तीत चुकली होती, आणि नंतरच्या तपासणीच्या पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या. त्यातच वजन मागच्या बाजूला जास्त होते. विमानाने नाक वर केले ते खाली घेताच येईना. दोन वैमानिक मिळून आत एकवीस माणसे होती. कोणी वाचले नाही. त्या वैमानिकांनी काही चूक केली नव्हती. वाचायला पुस्तक होते, पण ते उघडायला वेळ नव्हता.

‘‘म्हणजे वेळ मिळाला तर तो मोठा आहे,’’ आई म्हणाली.

तिला एकवीस महिने मिळाले. पहिले वर्ष फार चांगले गेले. औषधांनी केस गेले तेव्हा तिने डोक्याला सुती रुमाल बांधला आणि शेजारच्या मुलीला शिकवणे पुन्हा सुरू केले. तपासणीचा कागद आला की तो आधी तिच्या हातात द्यायचा, हा नियम झाला. घरातल्या कोणी बोलण्याला वळसा घेतला की ती म्हणे, ‘‘बाईंसारखं सांग.’’ त्या कप्तानबाईंना कल्पनाही नसेल, पण आमच्या घरात त्यांचे नाव रोज निघत असे. म्हणजे नाव आम्हाला ठाऊक नव्हते, नुसते ‘बाई’. दिवाळीत कोणते लुगडे कोणाला, पितळेचा डबा कोणाकडे जायचा, पोस्टातले पैसे कसे वाटायचे, हे आईने स्वतः लिहून काढले. कागदावर दोन ओळी खोडलेल्या होत्या, आणि खोडल्यावर शेजारी तिने सही केली होती.

माझ्या अनेक मित्रांच्या घरी हा प्रश्न येतो. सांगावे की न सांगावे? म्हातारे माणूस धसका घेईल, असे सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो. खरे पाहिले तर धसका मी घेतला होता, आणि तो आईच्या नावावर मांडत होतो. ज्या गोष्टीची चाहूल माणसाला शरीरातूनच लागलेली असते, ती त्याला कळू नये म्हणून आपण बोलत सुटतो. विमान वर का गेले हे पोटातल्या गोळ्याला कळलेले असते. फलाटाची गोष्ट त्याला पुरत नाही. प्रत्येक घरी आमच्यासारखेच होईल असे मी म्हणत नाही. ज्याने त्याने आपले माणूस ओळखावे. पण विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, एवढे मी शिकलो.

शेवटच्या आठवड्यात ती बहुधा झोपूनच असे. एका संध्याकाळी डॉक्टर बाहेर माझ्याशी बोलले आणि मी आत आलो. तिने डोळे उघडून पाहिले. मी खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. सुरुवात लांबली असावी, कारण तिने पांघरुणातून हात काढून तीन बोटे वर केली.

‘‘औषधं आता लागू पडत नाहीत,’’ मी म्हणालो. ‘‘दुखणार नाही, याची सोय त्यांच्यापाशी आहे.’’

तिसरे वाक्य मला येईना.

‘‘घरी चल,’’ आई म्हणाली. ‘‘ते तिसरं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला घरी आणले.